पावलांनी नकाशा काढणारे गुरुजी : पंडित नैनसिंग रावत



तिसरी-चौथीला दिशा, नकाशा, आपला जिल्हा, राज्य, देश आणि मग जग असं सगळं ओळीने शिकवलं जातं. मुलं पाठही छान करतात. जिल्ह्याच्या सीमा विचारा, धडाधड सांगतील. पण भिंतीवरच्या नकाशात उत्तर कुठे असं विचारलं की वर बोट दाखवतात, आणि आता वर्गात उत्तर दिशा दाखवा म्हटलं तर काही मुलं सरळ छताकडे बोट करतात! हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला असेल. मुलांच्या लेखी नकाशा म्हणजे भिंतीवरचं एक रंगीत चित्र. ते कुणीतरी उन्हातान्हात चालून, मोजून तयार केलेलं असतं, हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून आज एका गुरुजींचं चरित्र सांगणार आहे. तुमच्या-आमच्यासारखेच गावच्या सरकारी शाळेतले गुरुजी. नाव नैनसिंग रावत. त्यांनी पावलं मोजत मोजत तिबेटचा रस्ता नकाशावर आणला. गोष्ट सांगता सांगता वर्गात काय करता येतं तेही सांगेन, कारण दिशा, अंतर, प्रमाण, अक्षांश हे आपले सगळे घटक या एका माणसाच्या आयुष्यात आहेत.

मिलम गावचा मुलगा

नैनसिंग यांचा जन्म १८३० सालचा. गाव मिलम. आजच्या उत्तराखंडात पिथौरागढ जिल्हा आहे, त्यात गोरीगंगा नदीच्या वरच्या अंगाला जोहार खोरं आहे, तिथलं हे अगदी टोकाचं गाव. पुढे हिमनदी आणि बर्फाचे डोंगर, आणि डोंगरापलीकडे तिबेट. इथल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा म्हणजे तिबेटशी व्यापार. उन्हाळ्यात खिंडी मोकळ्या झाल्या की शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून पलीकडे जायचं आणि येताना मीठ, लोकर आणायची. हिवाळ्यात मिलम बर्फात जायचं, तेव्हा सगळं गाव खाली उतरायचं.

नैनसिंग लहानपणी वडिलांबरोबर या वाटांनी जाऊन आले होते. तिबेटी बोली, तिथल्या रीतिभाती, खाणंपिणं हे त्यांना घरबसल्या मिळालेलं शिक्षण. घरची परिस्थिती बेताचीच होती.

वयाच्या पंचविशीत त्यांना एक संधी मिळाली. श्लागिंटवाइट नावाचे जर्मन बंधू हिमालयाचा अभ्यास करायला आले होते. १८५५ ते १८५७ या काळात नैनसिंग त्यांच्याबरोबर फिरले. मानसरोवर, राक्षसताल, पुढे लडाखपर्यंत. होकायंत्र कसं धरायचं, तापमापक कसा वाचायचा हे ते तिथे पहिल्यांदा शिकले.

त्यानंतर ते शिक्षण खात्यात लागले आणि १८५८ पासून मिलमच्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. १८६३ पर्यंत त्यांनी तिथे शिकवलं. नावामागे लागलेली पंडित ही पदवी याच नोकरीची बरं का. त्या भागात मास्तरांना पंडितच म्हणत. पुढे सगळ्या जगात ते पंडित म्हणूनच ओळखले गेले.

नकाशातला कोरा तुकडा

आता जरा मोठा नकाशा बघू. त्या काळी इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने दक्षिणेकडून त्रिकोण मोजत मोजत भारताची मोजणी हिमालयापर्यंत आणली होती. पण हिमालयाच्या पलीकडे तिबेट. तिथे परक्या माणसाला, विशेषतः युरोपियनाला, यायला बंदी. त्यामुळे नकाशात तो भाग जवळजवळ कोराच. राजधानी ल्हासा नेमकी कुठे, किती उंचावर, हे खात्रीने माहीत नव्हतं. त्सांगपो नदी पूर्वेकडे कुठवर आणि कशी जाते याचाही पत्ता नव्हता.

वर्गात मी काय करते ते सांगते. आशियाचा नकाशा घ्यायचा आणि तिबेटवर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवायचा. मग मुलांना सांगायचं की हा भाग कोणालाच माहीत नाही, आता तुम्ही तो कसा भराल? पहिलं उत्तर मोबाईल. दुसरं ड्रोन. तिसरं विमान. विमानाचा शोधच अजून लागलेला नाही म्हटल्यावर वर्ग शांत होतो. एखादा मुलगा हळूच म्हणतो की चालत जाऊन बघून यावं लागेल. तिथून गोष्ट सुरू करायची. पाच मिनिटं जातात यात, पण या पाच मिनिटांशिवाय पुढच्या गोष्टीत मजा नाही.

थॉमस माँटगोमेरी नावाचा सर्वेक्षण खात्यातला अधिकारी होता. त्याच्या डोक्यात आलं की इंग्रज जाऊ शकत नाहीत, पण सीमेवरचे भारतीय व्यापारी किंवा यात्रेकरू जाऊ शकतात. मग अशाच एखाद्या हुशार माणसाला मोजणी शिकवून का पाठवू नये? माणसं शोधायला सुरुवात झाली. कुमाऊंच्या शिक्षण खात्यातले अधिकारी एडमंड स्मिथ यांनी मिलमच्या गुरुजींचं नाव सुचवलं. १८६३ मध्ये नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग शाळा-गाव सोडून डेहराडूनला आले. वय तेहतीस. आपण या वयात एखाद्या प्रशिक्षणाचा आदेश आला तरी कुरकुर करतो.

पाऊल आणि जपमाळ

डेहराडूनचं प्रशिक्षण सुमारे दोन वर्षं चाललं. तारे ओळखणं, कोन मोजणं हे सगळं होतंच. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाऊल. नैनसिंग यांना एकाच मापाचं पाऊल टाकायची सवय लावली गेली. साधारण साडेएकतीस इंच, म्हणजे ८० सेंटिमीटर. चढ असो, उतार असो, चिखल असो की बर्फ, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. अशी सुमारे दोन हजार पावलं झाली की एक मैल.

पण दिवसभर पावलं मोजायची कशी? आणि कोणाच्या लक्षात न येता? त्यासाठी जपमाळ. बौद्धांच्या जपमाळेत १०८ मणी असतात. यांच्या माळेत १०० ठेवले. आठ मणी कमी आहेत हे कोण मोजायला जातंय! दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. म्हणजे पूर्ण माळ फिरली की दहा हजार पावलं, सुमारे पाच मैल, आठ किलोमीटर.

हा भाग मैदानावर करून घ्या, अशी माझी सगळ्या शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे. आधी प्रत्येक मुलाचं पाऊल मोजायचं. एकच पाऊल मोजायला गेलात तर फसाल, कारण कोणी बघत असलं की मुलं मुद्दाम ढांगा टाकतात. वीस पावलं चालायला लावा, टेपने अंतर मोजा आणि विसाने भागा. नऊ मीटर भरले तर ९०० भागिले २०, म्हणजे ४५ सेंटिमीटर. भागाकाराचा सरावही आयता झाला. मग दहा मण्यांची माळ करायची, दर दहा पावलांना एक मणी. पूर्ण माळ म्हणजे शंभर पावलं, म्हणजे या मुलाचे ४५ मीटर.

एक गंमत करून बघा. आधी माळेशिवाय मोजायला सांगा आणि मध्येच त्या मुलाशी बोला, जेवलास का, डबा काय आणलाय. आकडा हमखास विसरतो आणि सगळं पहिल्यापासून. माळ हातात असेल तर बोलण्याच्या नादात चुकलं तरी फार तर दहा पावलांची चूक, आधीचे मणी जागेवर असतात. नैनसिंग यांना तर वाटेत व्यापारी, साधू, शिपाई सतत भेटायचे, बोलावं लागायचं. माळ का हवी, हे मुलांना असं चटकन कळतं.

आमच्या वर्गात दोन गटांनी एकाच मैदानाची लांबी मोजली आणि पावलांचे आकडे जुळले नाहीत. दोन्ही गट हट्टाला पेटले. मग पावलांचे सेंटिमीटर केले तर अंतर जवळजवळ सारखं निघालं. एकाच मापाचं पाऊल कशाला हवं, याचं उत्तर त्यांना भांडणातूनच मिळालं, मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

पुढची पायरी म्हणजे चौकटीचा कागद. एक चौकोन म्हणजे दहा पावलं, असं ठरवायचं आणि मैदान त्यावर काढायचं. झाड, हातपंप, फाटक, स्वयंपाकाची खोली. झालं, नकाशाचं प्रमाण शिकवून झालं. पाठ्यपुस्तकातला एक सेंटिमीटर बरोबर अमुक किलोमीटर हा मजकूर यानंतर वाचायला द्या, आधी नको.

प्रार्थनाचक्रातल्या चिठ्ठ्या

मोजलेलं लिहून ठेवायला हवं. तिबेटी यात्रेकरूंच्या हातात फिरवायचं प्रार्थनाचक्र असतं, त्यात मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी असते. नैनसिंग यांच्या चक्रात मंत्राऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. अंतर, दिशा, वाटेतली गावं, सगळं त्यात. कोणी जवळ येऊ लागलं की चक्र फिरवत पुटपुटायला लागायचं. जप करणाऱ्या माणसाला तिथे कोणी मध्ये थांबवत नाही. याशिवाय पेटीला चोरकप्पा होता, त्यात सेक्स्टंट नावाचं कोन मोजायचं यंत्र. कवड्यांमध्ये पारा भरून वर मेण लावलेलं. तापमापक काठीत लपवलेला.

पारा कशाला, असं मुलं विचारतातच. डोंगराळ प्रदेशात क्षितिज सपाट दिसत नाही. वाटीत पारा ओतला की त्याचा पृष्ठभाग आपोआप समपातळीत येतो आणि आरशासारखा चकाकतो. तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा, त्याचा निम्मा केला की ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मिळते. (मुलांना वाटीत पाणी घेऊन दाखवा. पारा विषारी असतो, तो वर्गात आणायचा नाही.)

तापमापकाचा उपयोग जागेची उंची काढायला. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. उंचावर डाळ लवकर शिजत नाही, हे थंड हवेच्या डोंगराळ भागात राहून आलेल्या पालकांना ठाऊक असेल. समुद्रकाठी पाणी १०० अंशाला उकळतं, ल्हासाला साधारण ८८ अंशालाच. चहा करायच्या निमित्ताने पाणी उकळायचं आणि हळूच तापमान बघायचं. कोणाला शंका येणार?

ल्हासाची वाट

१८६४ मध्ये कुमाऊंकडून थेट जायचा प्रयत्न फसला. म्हणून १८६५ मध्ये दोघे भाऊ नेपाळमार्गे निघाले. काठमांडूहून तिबेटच्या सीमेवर गेले, तिथे अधिकाऱ्यांनी झडती घेऊन परत पाठवलं. नशीब, चोरकप्पा सापडला नाही. मणिसिंग यांनी पुढे वेगळी वाट धरली. नैनसिंग यांनी लडाखी माणसाचा वेश केला आणि एकटेच पुन्हा आत शिरले. या वेळी जमलं.

त्सांगपोच्या काठाने लडाखी व्यापाऱ्यांचा तांडा ल्हासाकडे निघाला होता, त्यात ते सामील झाले. तांड्याबरोबर चालायचं, हसायचं-बोलायचं, आणि माळ मात्र ओढत राहायची. नदी कधी नावेतून ओलांडायची, तेव्हा तेवढं अंतर अंदाजाने धरायचं. शिगात्से, ग्यान्त्से अशी मोठी गावं करत १० जानेवारी १८६६ रोजी ते ल्हासाला पोचले.

तिथे ते तीन महिन्यांवर राहिले. जवळचे पैसे संपत आले. मग पोट कसं भरलं माहीत आहे? शिकवून! तिथल्या नेपाळी दुकानदारांना हिशेब ठेवायची आपल्याकडची पद्धत ते शिकवू लागले. दिवसा शिकवणी, आणि रात्री संधी मिळाली की तारे. बालवयातल्या दलाई लामांचं दर्शनही त्यांनी इतर यात्रेकरूंबरोबर घेतलं.

भीती मात्र पाठ सोडत नव्हती. दोन काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचं सोंग ओळखलं. त्यांनी कोणाला सांगितलं असतं तर सगळं संपलं होतं. पण त्यांनी गुपित राखलं, वर घड्याळ गहाण ठेवून घेऊन थोडे पैसेही दिले. पुढे एक दिवस सीमेवरचा तो अधिकारीच ल्हासाच्या रस्त्यात दिसला. विनापरवाना शहरात आलेल्या एका माणसाला भर रस्त्यात देहदंड दिलेलाही त्यांनी पाहिला. (हा प्रसंग तिसरीच्या मुलांना सांगू नये, असं माझं मत. चौथीच्या पुढे चालेल.) त्यानंतर ते फारसे बाहेर पडेनासे झाले, राहण्याची जागा बदलली, आणि एप्रिलमध्ये परतणाऱ्या तांड्याबरोबर निघाले. पुन्हा त्सांगपोच्या काठाने मानसरोवरापर्यंत, आणि ऑक्टोबरात डेहराडून.

हिशेब लावा. सुमारे १,२०० मैल, म्हणजे १,९०० किलोमीटरच्या वर. मुंबई ते कोलकाता हा नागपूरवरून जाणारा रेल्वेमार्ग साधारण एवढा आहे. पावलं किती? १,२०० गुणिले २,०००, म्हणजे चोवीस लाख. हा गुणाकार मुलांना फळ्यावर करू द्या, उत्तरातली शून्यं मोजताना त्यांचे चेहरे बघा.

आणि या मोजणीतून त्यांनी काढलेला ल्हासाचा अक्षांश सुमारे २९ अंश ३९ मिनिटे उत्तर. आजही आपण तोच लिहितो.

दोन मुठी, तीन मुठी

अक्षांश हा शब्द चौथीच्या मुलांना जड जातो, आणि व्याख्या पाठ करून तो अजूनच जड होतो. त्यावर उपाय ध्रुवताऱ्याचा. आपल्या गावातून ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितका आपला अक्षांश. हात सरळ ताणून मूठ धरली की ती मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते. मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशेब त्यांनाही लागू पडतो.

हे काम पालकांचं आहे, कारण रात्री शाळा नसते! उत्तरेकडे मोकळं असेल अशा जागी मुलाला न्या. मार्च ते जूनच्या संध्याकाळी सप्तर्षींवरून ध्रुव सापडतो. हिवाळ्यात सप्तर्षी संध्याकाळी दिसत नाहीत, तेव्हा इंग्रजी एम अक्षरासारखी दिसणारी शर्मिष्ठा शोधायची. मग क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत जायचं. महाराष्ट्रात दोन मुठींच्या आसपास ध्रुव येतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, नागपूरचा एकवीस, म्हणजे नागपूरकरांना तो किंचित वर दिसणार. फार तेजस्वी तारा नाही तो, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं भलताच तारा पकडतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात पृथ्वीगोल घ्यायचा. आपल्याकडे दोन मुठी. ल्हासाला तीन. लंडनला पाच. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकलेला, आणि उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर, नऊ मुठी. मुलांनी एकदा हे बोटाने फिरून पाहिलं की गोलावरच्या आडव्या रेषांना अर्थ येतो. माझ्या अनुभवात जगाचा भूगोल सुरू करायला यापेक्षा सोपी जागा नाही.

इथेच एक प्रश्न विचारा. दिल्लीचा अक्षांश सुमारे २८ अंश ३७ मिनिटे. ल्हासा फक्त एक अंश उत्तरेला, म्हणजे एकशे दहा-पंधरा किलोमीटर वर. मग दिल्लीला मे महिन्यात अंग भाजतं आणि ल्हासाला गार वारा, हे कसं? मुलं खूप अंदाज करतात. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे, हे त्यांना उकळत्या पाण्याची आठवण देऊन त्यांच्याकडूनच काढून घ्यायचं.

पुढचे प्रवास

१८६७ मध्ये ते पश्चिम तिबेटातल्या ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींपर्यंत जाऊन आले. १८७३ मध्ये यारकंदला गेलेल्या सरकारी मोहिमेत होते. पण शेवटचा प्रवास सगळ्यात मोठा. जुलै १८७४ मध्ये लेहहून निघून, उत्तर तिबेटच्या उजाड पठारावरून नोव्हेंबरात ल्हासा, आणि तिथून तवांगमार्गे १ मार्च १८७५ रोजी आसामातलं उदलगुडी. ओझी वाहायला मेंढ्या घेतल्या होत्या, पाठीवर सामान लादलेल्या. त्यातल्या मोजक्याच ल्हासापर्यंत टिकल्या. मुलांना या मेंढ्या फार आवडतात. पृथ्वीगोलावर लेह ते आसाम असा दोरा लावून दाखवा, हिमालयाच्या पलीकडून वळसा घातलेला दिसतो. या प्रवासानंतर नैनसिंग यांची प्रकृती ढासळली, डोळेही अधू झाले. पुन्हा मोहिमेवर जाणं शक्य नव्हतं.

इतकी वर्षं त्यांचं नाव बाहेर येऊ दिलं नव्हतं. अहवालांत ते नुसते पंडित किंवा क्रमांक एक. जिवाला धोका, म्हणून ते समजण्यासारखंही आहे. प्रवास थांबल्यावर नाव जाहीर झालं आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. आशियाच्या नकाशात त्या काळी इतकी भर दुसऱ्या कोणा एका माणसाने घातली नाही, अशी त्यामागची भावना होती. आपल्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं ते २००४ मध्ये. तिकीट जमवणारे कोणी पालक असतील तर वर्गात जरूर दाखवा.

एक अवघड प्रश्न

आता जे थोडं अडचणीचं आहे ते. आमच्या चौथीतल्या एका मुलीने गोष्ट संपल्यावर विचारलं की गुरुजी खोटं बोलून दुसऱ्यांच्या देशात शिरले, मग ते चांगलं कसं? प्रश्न टाळू नका, तुमच्याही वर्गात तो येईल.

तो खराच आहे. तिबेटच्या लोकांनी आपला देश बंद ठेवला होता, तो त्यांचा निर्णय. नैनसिंग हेरच होते आणि मोजणी इंग्रज सरकारसाठी होती. पुढे १९०४ मध्ये इंग्रजांचं सैन्य ल्हासात शिरलं. तेव्हा नैनसिंग हयात नव्हते, पण अशा मोजण्या सरकारच्या हातात होत्याच. नकाशा सैनिकाच्याही कामाला येतो, व्यापाऱ्याच्याही आणि शाळेतल्या मुलाच्याही. मी मुलीला इतकंच सांगितलं की त्यांचं धाडस आणि अचूकपणा खरा, आणि तुझी शंकाही खरी. दोन्ही वहीत लिही. मग वर्गात चर्चा झाली, निम्मी मुलं इकडे, निम्मी तिकडे. आपल्या गावाचा नकाशा कोणी न विचारता काढून नेला तर चालेल का, यावर तर फारच रंगली. थोर माणसाचं चरित्र म्हणून फक्त चांगलंच सांगायचं, ही आपली सवय मला पटत नाही. मुलं त्यापेक्षा हुशार असतात.

पुन्हा शिक्षक

प्रवास थांबले, पण शिकवणं सुटलं नाही. सर्वेक्षण खात्यात येणाऱ्या नव्या माणसांना नैनसिंग तयार करत. अक्षांश कसा काढायचा, यंत्रं कशी वापरायची यावर त्यांनी हिंदीत अक्षांश दर्पण नावाचं पुस्तक लिहिलं. ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आपल्या माणसांनाही हे शास्त्र शिकता यावं, ही त्यातली गोष्ट मला मोठी वाटते. इतके प्रवास करून आलेला माणूस शेवटी पाठ्यपुस्तक लिहितो!

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत त्यांचे चुलतभाऊ किशनसिंगही होते. १८७८ मध्ये किशनसिंग निघाले ते ल्हासावरून थेट चीनमधल्या तुनहुआंगपर्यंत गेले आणि चार वर्षांनी परतले. वाटेत दरोडेखोरांनी लुटलं, सोबतीने दगा दिला. एकदा तर ज्या तांड्याबरोबर होते त्याच्या म्होरक्याने दरोडेखोरांच्या भीतीने सगळ्यांना घोड्यावर बसायला लावलं. आता पावलं कशी मोजणार? किशनसिंग यांनी घोड्याच्या पुढच्या उजव्या पायाची पावलं मोजायला सुरुवात केली आणि अंतर काढलं.

हे ऐकल्यावर आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी सायकलच्या चाकाला रंगीत चिंधी बांधली आणि घर ते शाळा चाकाचे फेरे मोजून आणले. एकाचे ६१२ आले. चाकाचा घेर दोऱ्याने मोजायचा अजून बाकी आहे, तो सोमवारी मोजणार आहोत.